शहराच्या शेजारचें कुंभिवली

सुटीचे दोन दिवस हातीं आले कीं शहरांतील कुटुंबांचीं पावलें माथेरान-लोणावळ्याकडे वळतात. घाटाच्या पायथ्याशीं पसरलेल्या खालापूर तालुक्यांत मुद्दाम उतरावें, असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. महड येथील वरदविनायकाचें दर्शन घडलें, म्हणजे तेथील आपला कार्यभाग उरकला, अशीच समजूत आहे. याच तालुक्यांत कुंभिवली नांवाचें लहानसें गांव आहे. मुंबईहून कर्जत व तेथून फांट्यावरची गाडी धरून खोपोली, असा सुमारें ११४ किलोमीटरांचा लोहमार्ग आहे. पुढें रस्त्यानें जावें लागतें.

ग्रामनामांतील ‘वली’ हें पद संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती या शब्दापासून आलेलें आहे. बोरीवरून बोरिवली, तशी कुंभ्याच्या झाडावरून कुंभिवली झाली असावी, असा तर्क सहज सुचतो. एकाच घडणीचीं हीं दोन नांवें. त्यांपैकीं एक महानगराच्या पोटांत गेलें, दुसऱ्याभोंवतीं अजून भाताचीं खाचरें आहेत.

मात्र हा मुलूख शहराला अपरिचित होता असें मुळींच नाहीं. आगगाडी १८५६ सालीं खोपोलीस पोंचली आणि १८६३ मध्यें बोरघाटाचा लोहमार्ग खुला होईपर्यंत उतारूंना पुढचा घाट डोलींतून अथवा तट्टावरून चढावा लागे. १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. लोणावळ्याच्या आसपास अडविलेलें पावसाचें पाणी मोठमोठ्या नळांतून खालीं सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यांत आली. तेंच पाणी पुढें पाताळगंगेस मिळतें, म्हणून ही नदी भर उन्हाळ्यांतही वाहती राहते. बारमाही पाण्यामागोमाग कारखाने आले, आणि २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण झाल्यावर बंगल्यांसाठीं जागा पाहणारेही आले.

गेल्या श्रावणांत नातवंडांसह आम्ही तेथें गेलों होतों. लावणी उरकली होती. एका वृद्ध शेतकऱ्यानें पडवींत घोंगडी अंथरून आम्हांस बसविलें, चहा दिला, आणि मग मुलांना बांधावरून फिरवीत शेताची सारी व्यवस्था समजावून सांगितली. वरच्या खाचरांतील पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरांत उतरतें, तेथून त्याच्याही खालीं. खाचर कोणाचेंही असो, पाणी सर्वांचें. मधल्याच एखाद्या तुकड्यास भिंत घातली, तर वरच्याचें पीक कुजतें व खालच्याचें वाळतें. विकणारा एकच असला, तरी नुकसान दहाजणांचें होतें.

“तुमच्या जमिनीचें कसें काय?” मीं विचारलें.

“सातबाऱ्यावर नांवं सहा हायेत, मास्तर,” म्हातारा म्हणाला. “कसणारा मी एकला. बाकीचे शहरांत. विकूया म्हणून सहीला येतात. शेत बघायला कोणी येत नाय.”

त्याच्या आवाजांत राग नव्हता. चुलतभावांच्या मुलांना शिक्षण आहे, घर घ्यावयाचें आहे, हेंही त्यानेंच आम्हांस समजावून सांगितलें.

गांवची शांतता आपणांस गोड लागते, कारण सायंकाळच्या गाडीनें आपण परत निघतों. जे तेथेंच राहतात, त्यांच्या दृष्टीनें कधीं कधीं तिचा अर्थ दवाखाना दूर असणें, वाट नसणें, असाही होतो. याच तालुक्यांतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली, तेव्हां वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता; मदत करणाऱ्यांना अंधारांत डोंगर चढून जावें लागलें. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें बेपत्ताच राहिलीं. तेव्हां गांव होतें तसेंच राहावें, अशी इच्छा शहरांत बसून करणें शोभत नाहीं. रस्ता, दिवा, दवाखाना हीं त्यांनाही हवींत. प्रश्न आहे तो जमिनीचा निर्णय कोणी व कसा घ्यावा, हा.

या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेक घरांचें नांव कोठल्या तरी गांवच्या सातबाऱ्यावर अजून असेल. कसणारा भाऊबंद वेगळा, सही करणारे आपण. कागद पुढें येईल, तेव्हां तो लगेच परत पाठवूं नये आणि लगेच सहीही करूं नये. पावसाळ्यांत दोन दिवस काढून मुलांबाळांसह तेथें जावें. पाणी कोठून येतें व कोठें जातें, तें बांधावर उभें राहून पाहावें. विकणें भागच असेल, तर कसणाऱ्यास प्रथम विचारावें व त्याला हप्त्यांची सवलत द्यावी. एकत्र कुटुंबांत वडील माणसें वाटणीच्या वेळीं धाकट्यांची सोय आधीं पाहत असत. ती रीत घराच्या उंबऱ्यापाशींच थांबावी, असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.