घरात कामाचे हात किती?

समजा, दिवाळी चार दिवसांवर आली आहे. चिंचवडातल्या एका घरात चकल्यांचा घाणा चालू आहे आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजते. बाहेर सरकारी पाहणीचे गृहस्थ उभे! घरात माणसे किती, वये काय आणि वर्षभरात कोण काय करत होते, एवढेच त्यांना हवे आहे.

तळहाताचे पीठ पुसत आई सांगते, "थोरला चाकणला कंपनीत अ‍ॅप्रेंटिस आहे. मधलीने पदविका घेतली, आता घरीच असते. धाकटा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो."

उत्तरे किती साधी! पण तरुणांपैकी किती जण कामाच्या रिंगणात आहेत, हा देशाचा आकडा असल्याच उत्तरांतून तयार होतो.

या आकड्याला श्रमशक्तीतील सहभाग म्हणतात. त्यात काम करणारे येतात, तसेच काम शोधणारे किंवा मिळाल्यास करायला तयार असणारेही येतात. म्हणजे बेकार तरुण रिंगणाच्या आतच असतो. बाहेर राहतात ते मुख्यतः शिकणारे आणि केवळ घरकाम पाहणारे.

असल्या मोजणीचे पुण्याला नवल नाही. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्येच पुणे शहराची घरोघर पाहणी केली होती. पुढे १९७० साली दांतवाला समितीने बजावले की, आपल्याकडची बेकारी एकाच आकड्यात मावणारी नाही. म्हणून वर्षाचे माप वेगळे आणि आठवड्याचे वेगळे ठरले. आठवड्याच्या मापात सात दिवसांत एक तास काम केले, तरी माणूस कामावर धरला जातो!

एप्रिल २०१७ पासून ही श्रमशक्ती पाहणी नियमित चालू आहे. वर्षाच्या मापाने १५ ते २९ वयाच्या दर शंभर तरुणांपैकी २०१७-१८ मध्ये सुमारे ३८ जण रिंगणात होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ४६ झाले.

आता आपल्या तिघांकडे वळू. थोरल्याला विद्यावेतन मिळते. पाहणीच्या नियमाप्रमाणे असा उमेदवार नियमित पगारदारांत धरला जातो. पण १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा म्हणतो की तो प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे! एका वहीत पगारदार आणि दुसऱ्या वहीत विद्यार्थी, असा हा मुलगा रात्रपाळी करून घरी येतो, तो मुदत संपल्यावर कंपनी ठेवून घेईल की नाही, ही काळजी घेऊनच.

धाकट्याचे काय? "शिकतो आहे" म्हटले की तो बाहेर. "नोकरी मिळाली तर उद्या जाईल" म्हटले की तो आत, आणि बेकारांत.

आणि मधली? "घरीच असते" या दोन शब्दांनी ती हिशेबातून पुसली गेली. ती संध्याकाळी शिकवण्या घेते. वर्षात तीस दिवस असे काम झाले असेल, तर दुय्यम काम म्हणून त्याची नोंद होऊ शकते. कदाचित तिला नोकरीही हवी असेल. पण तिला विचारले कोणी?

तेव्हा आकडा कमी म्हणजे वाईटच, असेही नव्हे. मुले कॉलेजात असली तरी तो कमी होतो. मुलींना घरी बसवले तरीही तो कमीच होतो. पहिले सुख, दुसरे दुःख. आकड्याला दोन्ही सारखीच!

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. हा सारा पट्टा तरुण हातांवर चालतो. गावाकडून आलेली चार-चार मुले इथे एका खोलीत राहतात. एक पाळीवर असतो, दुसरा झोपलेला. मोजणाराने टकटक केली, तर दार उघडेल कोण?

जानेवारी २०२५ पासून या पाहणीची आखणी जिल्हा हा घटक धरून होते. तेव्हा एखादे दिवशी आपल्याही दाराची घंटा वाजायची. त्या दिवशी एवढे करा. घाणा क्षणभर उतरवून ठेवा, लेकीला बाहेर बोलवा आणि तिचे उत्तर तिलाच देऊ द्या.