आधी कागद, मग कॉलेज, शेवटी एजंट : मुलांना परदेशी शिकायला पाठवताना

सटाणा : बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले की सटाणा, नामपूर, ताहाराबाद भागातल्या बऱ्याच घरांत फोन वाजू लागतात. ‘चाचा, किर्गिझस्तानमध्ये सीट आहे, कमी खर्चात मुलगा डॉक्टर होईल.’ ‘आपा, जॉर्जियाचं बघा, सगळं आम्ही करून देतो.’ मग मालेगावला किंवा नाशिकला एखाद्या हॉलमध्ये सेमिनार होतो. रंगीत माहितीपत्रक हातात पडतं. घरी पोहोचेपर्यंत अब्बूंचा हिशेब सुरू झालेला असतो. डाळिंबाची बाग किती देईल, चाळीतला कांदा कधी काढायचा, अम्मीचं सोनं किती तोळे आहे.

परदेशी शिकणं आपल्या समाजाला नवं नाही. कोकणातल्या आंबेत गावचे अब्दुल रहमान अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा असं जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते. आज तालुक्यातली साधी शेतकरी आणि दुकानदार घरंही मुलांना पाठवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण घाईत क्रम उलटा होतो. आधी सीटचे पैसे भरले जातात, नंतर कॉलेजची चौकशी होते आणि कागदपत्रं सगळ्यात शेवटी बाहेर निघतात. नुकसान होतं ते या उलट्या क्रमामुळे. म्हणून सुरुवात घरातल्या कपाटापासून करू या.

नाव सगळीकडे एकच आहे का?

दहावीची मार्कशीट, आधार कार्ड, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला एका ओळीत टेबलावर मांडा आणि नावाचं एकेक इंग्रजी अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे ही अडचण जास्त येते, कारण आपली नावं उर्दू-अरबी आणि ती लिहिणारे कारकून वेगवेगळे. एकाच घरात ‘शेख’ तीन स्पेलिंगने सापडतो. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण असतं, कुठे दोन-तीन अक्षरांत उरकलेलं असतं. मुलीच्या आधारवर ‘बी’ किंवा ‘बानो’ असतं, मार्कशीटवर नसतं. वडिलांचं नाव एका कागदावर ‘सलीम’ तर दुसऱ्यावर ‘सलीम खान’. घरात याचं काही वाटत नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर ही दोन वेगळी माणसं ठरतात.

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये दोन रकाने असतात, एक नावाचा आणि एक आडनावाचा. समजा मार्कशीटवर ‘शेख आयेशा सलीम’ आहे. मग पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात ‘आयेशा सलीम’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘शेख’ लिहावं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिसा आणि विमानप्रवासात अडचणी येतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा पासपोर्टधारकांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियमच काढला होता.

चूक सापडली तर दुरुस्तीचा क्रमही लक्षात ठेवा. दहावीची मार्कशीट बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून शक्यतो तीच पाया धरा आणि आधार, पॅन, बँक खातं तिच्याशी जुळवून घ्या. मार्कशीटमध्येच चूक असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. ज्यांची मुलं आज आठवी-नववीत आहेत त्यांनी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव आत्ताच बघून घ्यावं. दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वीची दुरुस्ती सोपी असते. एकदा मुलगा शाळा सोडून गेला की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

जन्मदाखला ज्या गावात जन्म झाला तिथलाच मिळतो. घर सटाण्यात असलं, पण बाळंतपण मालेगावच्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद मालेगाव महानगरपालिकेत असेल. अनेक दाखल्यांवर बाळाचं नावच टाकलेलं नसतं, तेही बघा. जन्माची नोंदच झाली नसेल तर थांबू नका, कारण उशिराच्या नोंदीचे नियम राज्यात २०२५ पासून कडक झाले आहेत. एक दिलासा आहे. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालेल, हा नियम १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. आज कॉलेजला जाणाऱ्या मुलांना दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळेचा दाखलाही चालतो.

पासपोर्ट आणि साक्षांकन

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तारीख घेऊन नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळला २,००० रुपये वर लागतात. निकालाची वाट न बघता बारावीच्या वर्षातच अर्ज करा, म्हणजे तत्काळची वेळ येत नाही. दहावीचं प्रमाणपत्र जरूर जोडा. त्यामुळे पासपोर्टवर ‘इमिग्रेशन क्लिअरन्स’ची अट पडत नाही आणि पुढे आखातात नोकरीला जायची वेळ आली तर तो त्रास वाचतो. पोलीस पडताळणीसाठी घरच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनामाही हाताशी असू द्या.

बऱ्याच देशांना मार्कशीट आणि जन्मदाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ शिक्का लागतो. त्याआधी राज्य पातळीवरचं साक्षांकन होतं. मूळ कागद एजंटाच्या कपाटात महिनोन्महिने ठेवू नका. काम झालं की परत घ्या आणि देताना पोच लिहून घ्या.

डॉक्टरकीसाठी पाठवत असाल तर

इथे सगळ्यात जास्त जपायला हवं. परदेशातली पदवी भारतात चालेल की नाही हे एजंट ठरवत नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. आयोगाचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत. सरळ भाषेत ते असे :

• ‘नीट’ पात्र असणं सक्तीचं आहे. ‘नीटशिवाय सीट’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.
• अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि तो इंग्रजी माध्यमातून हवा.
• त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी हवी.
• त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकाला जसा डॉक्टरकीचा परवाना मिळतो, तसा या पदवीवर मिळायला हवा.
• भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा द्यायची आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करायची.
• हे सगळं प्रवेशापासून १० वर्षांच्या आत पुरं व्हायला हवं.

एजंटाला एकेक अट वाचून दाखवा आणि उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी मागा. ‘आयोगाची मान्यता आहे’ एवढ्या तोंडी वाक्यावर भागवू नका.

परतल्यावरची पात्रता परीक्षा म्हणजे सध्याची ‘एफएमजीई’. ३०० पैकी १५० मार्क लागतात आणि ती वर्षातून दोनदा होते. जून २०२४ च्या परीक्षेत सुमारे २१ टक्के उमेदवार पास झाले. म्हणजे पाचातला एक. बाकीचे सगळे मठ्ठ होते असं नाही. काही कॉलेजांत पेशंट बघायलाच कमी मिळतात, तर कुठे पेशंट रशियन किंवा किर्गीझ बोलतो आणि आपल्या मुलाला ती भाषा येत नाही. म्हणून एजंटाला आणखी दोन गोष्टी विचारा. मागच्या बॅचमधले किती विद्यार्थी ही परीक्षा पास झाले? आणि तिथल्या भाषेचे वर्ग पहिल्या वर्षापासून आहेत का? त्या कॉलेजात सध्या शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी स्वतः बोला. एजंटाने दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या ओळखीतून शोधलेल्या.

आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मुस्लिम मुल्क आहे, खाण्यापिण्याची, नमाजची चिंता नाही.’ किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तानात हलाल जेवण आणि मशीद सहज मिळते, हे खरं. पण कॉलेज चांगलं आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. सुरक्षिततेचंही तसंच. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर हल्ले केले, तेव्हा भारतीय दूतावासाने आपल्या मुलांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं होतं. देश कोणता यापेक्षा हॉस्टेल कुठे आहे, दूतावास किती लांब आहे आणि अडचणीत फोन कोणाला करायचा, हे विचारा.

पैसा : कांदा रुपयात, फी डॉलरमध्ये

कांद्याचा भाव आपल्या हातात नाही आणि डॉलरचाही नाही. वर्षाची फी ४,००० डॉलर धरली तर २०२२ च्या सुरुवातीला, डॉलर ७५ रुपयांच्या आसपास असताना, ती ३ लाख होती. डॉलर ८५ झाला तेव्हा तीच फी ३ लाख ४० हजार झाली. कॉलेजने एक पैसा वाढवला नव्हता. म्हणून पहिल्या वर्षाचा नाही, सहाही वर्षांचा हिशेब मांडा. फी, हॉस्टेल, जेवण, विमा, व्हिसा नूतनीकरण, दोन वर्षांतून एकदा घरी येणं आणि परतल्यावर परीक्षेच्या तयारीचं एक वर्ष. त्या रकमेवर थोडं जास्त धरा. एवढं जमत नसेल तर न जाण्यात कमीपणा नाही. तिसऱ्या वर्षी फीअभावी परत येण्यात मात्र सगळंच जातं.

बँकेच्या शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज सरकारी हमी योजनेमुळे तारणाशिवाय मिळू शकतं. त्यापुढे तारण लागतं आणि आपली गाडी नेमकी इथे अडते. बहुतेक बँका शेतजमीन या कर्जाला तारण घेत नाहीत. सातबारा घेऊन गेलं की मॅनेजर मान हलवतो. बिनशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव लागते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून अनेक घरांत रिटर्न भरलेलंच नसतं. कर्जाला आणि व्हिसाला मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागितली जातात, तेव्हा भरायला आत्तापासून सुरुवात करा.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी व्याजसवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद आहे. तिच्या नावाने कोणी फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नका. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कमी व्याजाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी मात्र नाशिकच्या कार्यालयात जरूर करा. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही आहे. तिला विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी ओबीसी विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही बघावी. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आधी काढून ठेवा.

व्याजाचा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो आणि तो खरा आहे. त्यावर आपल्या विश्वासातल्या आलिमांचा सल्ला पैसे भरायच्या आधी घ्या. घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवा. अर्ध्या वाटेवर वाद नको.

आणि एक पक्की गोष्ट : फी नेहमी विद्यापीठाच्या नावाच्या खात्यावर, बँकेमार्फत पाठवा. रोख किंवा हवाला नको, एजंटाच्या वैयक्तिक खात्यावरही नको. बँकेची पावती नसेल तर उद्या फी भरल्याचा पुरावाच उरत नाही.

घर सोडण्याआधी

मुलगा असो वा मुलगी, तीन महिने आधीपासून स्वतःचं जेवण, कपडे आणि खर्चाची वही स्वतः सांभाळायला द्या. खिचडी, डाळ, अंडा-करी आणि चपाती जमली तरी पहिला हिवाळा निघतो. एकदा नाशिक-मुंबई प्रवास एकट्याने करू द्या. बँकेचं काम करू द्या. आजवर प्रत्येक खिडकीवर अब्बू उभे होते, तिथे कोणी नसणार.

औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या काही देशांत गुन्हा ठरतात. ‘माझ्या भाच्याला एवढं पाकीट दे’ म्हणून कोणी शेवटच्या दिवशी काही आणून दिलं तर हात जोडा. बॅगेत निघालेल्या प्रत्येक वस्तूचा जबाब आपल्याच मुलाला द्यावा लागतो.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवायला लावा. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ‘ऑपरेशन गंगा’ने सुमारे २२,५०० भारतीय परत आले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. जीव वाचले, पण अनेकांचे मूळ कागद तिथल्या विद्यापीठांत अडकून पडले आणि इथे पुढचा मार्ग शोधताना तेच नडलं. म्हणून सगळ्या कागदांचे स्कॅन ईमेलवर, एक संच अम्मीच्या कपाटात आणि एक संच मुलाच्या बॅगेत असू द्या. दर सत्राची मार्कशीट मिळाली की त्याच दिवशी तिचा फोटो घरी आला पाहिजे.

शेवटचं सांगणं पालकांना आहे. मुलाला जाताना एवढंच सांगा की फेल झालास, घाबरलास, कोणी त्रास दिला किंवा पैसे संपले तरी पहिला फोन घरी कर, कोणी रागावणार नाही. जमीन आणि सोनं लावून पाठवलेली मुलं हाच फोन करायला सगळ्यात जास्त घाबरतात. तो फोन वेळेवर आला तर बाकीच्या अडचणींवर, इन्शाअल्लाह, मार्ग निघतो.