प्रशिक्षकांना काय लिहायचं?

आमची लेक न्यू जर्सीत अकरावीत आहे. तिला कॉलेजच्या संघातून पळायचंय. होल्मडेल पार्कच्या ५ किलोमीटर क्रॉस-कंट्री शर्यतीत ‘बाउल’ नावाचा खोलगट भाग लागतो. उतार संपतो न संपतो तोच चढ. तिथे ती मुठी सैल सोडते, पावलं आखूड टाकते. पण क्रॉस-कंट्रीची प्रत्येक वाट वेगळी, म्हणून कॉलेजचे प्रशिक्षक ट्रॅकवरच्या १६०० आणि ३२०० मीटरच्या वेळा आधी बघतात. त्या कळवून मुलांनीच पत्र लिहावं, वाट बघत बसू नये. एनसीएए या अमेरिकी कॉलेज-क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, तरी मला तीच कॉलेजं आवडतात. तिला मात्र डिव्हिजन वनच हवंय. ते पुढे ठरेल; सध्या तिची झोप आणि रक्तातलं लोह, या दोन गोष्टींवर मी अडून बसले आहे.