मोजणीसाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

पीएच.डी.ला नुकतं नाव नोंदवलेल्या किंवा नोंदवण्याच्या तयारीत असलेल्या ज्युनियर मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. ऑटोकॅडचा क्लास लावू की क्यूजीआयएस शिकू? मी उलट विचारतो, तुझ्या कामाच्या शेवटी हातात काय येणार आहे? कागदावरचा नकाशा, क्षेत्रफळांचा तक्ता, की पन्नास वर्षांतल्या बांधांच्या हालचालीचं विश्लेषण? याचं उत्तर मिळालं की सॉफ्टवेअरचा निम्मा प्रश्न सुटतो.

माझा विषय शेताच्या हद्दींचा आहे. जुन्या मोजणीची टिपणं आणि आजचे बांध यांची तुलना. क्षेत्र करमाळा तालुक्यात. पहिल्या वर्षी मी सगळं क्यूजीआयएसमध्येच करायचं ठरवलं, कारण ते फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. टोटल स्टेशनचे बिंदू आणले, हद्दी जोडल्या, क्षेत्रफळ काढलं आणि ज्यांच्या शेतात दोन दिवस उन्हात उभा होतो त्या काकांना प्रिंट नेऊन दिली. काकांनी आतून दुसरा कागद आणला. तेच शेत, खाजगी सर्व्हेयरने कॅडमध्ये काढलेलं. दोन हेक्टरांच्या त्या शेतात माझं क्षेत्रफळ १९ चौरस मीटरने कमी. "एक खोली कुठं गेली रं?" काकांनी विचारलं. त्यांचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू होता, त्यामुळे ते मुळीच हसत नव्हते. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं होतं. सर्व्हेयरने स्थानिक निर्देशांक धरले होते, म्हणजे पहिल्या बिंदूला १०००, १००० असं काहीतरी मानून जमिनीवरची अंतरं जशीच्या तशी मांडली होती. मी मात्र बिंदू यूटीएम झोन ४३ उत्तर या प्रक्षेपणात आणले होते. यूटीएममध्ये मध्य रेखांशावर मापन गुणक ०.९९९६ असतो. झोन ४३ चा मध्य रेखांश ७५ अंश पूर्व, आणि करमाळा त्याच्या अगदी जवळ. म्हणजे जमिनीवरचे १००० मीटर नकाशात ९९९.६० होतात. क्षेत्रफळात हा फरक दुप्पट, ०.०८ टक्के. २०,००० चौरस मीटरांवर १६. उरलेले तीनेक चौरस मीटर उंचीचे: यूटीएमची गणितं लंबगोलाच्या पृष्ठभागावर होतात आणि शेत त्याच्या कितीतरी वर आहे.

दोघांपैकी कुणाचंच सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. मीच विचारायला विसरलो होतो की हे क्षेत्रफळ कशाचं आहे. क्यूजीआयएसमध्ये तर दोन वेगळी सूत्रं आहेत: डॉलर चिन्हाचं एरिया प्रकल्पाच्या सेटिंगप्रमाणे लंबगोलावरचं क्षेत्रफळ देतं, आणि कंसात जिऑमेट्री घेणारं एरिया सपाट नकाशावरचं. प्रबंधात कोणतं वापरलं ते लिहा. विदर्भात काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, ७८ अंशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो. नागपूर त्यात येतं.

आता कॅडकडे. जुनं टिपण समोर ठेवा. त्यात निर्देशांक नसतात. एक मूळ रेषा असते, तिच्यावर साखळी-आण्यांतली अंतरं आणि डाव्या-उजव्या बाजूला टाकलेले लंब. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. हे काढायला कॅडसारखं काही नाही. रेषा ओढा, लंब टाका, टोकं जोडा. मीटरमध्ये काढत असाल तर एक साखळी १०.०५८४ मीटर धरा, १० नाही. (मी १० धरलेली एक फाइल अजून जपून ठेवली आहे, स्वतःला आठवण म्हणून.) आकृती तयार झाली की डीएक्सएफमध्ये काढून क्यूजीआयएसमध्ये न्यायची आणि शेतात सापडलेल्या दगडांवर बसवायची. दोन्ही सॉफ्टवेअर लागतात ते असं.

मग पैसे देऊन घ्यायचं का? ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, पण एकेका वर्षासाठी, आणि विद्यार्थी असेपर्यंतच. प्रबंध सादर झाल्यावर परीक्षकाने दुरुस्ती सांगितली आणि तोवर नोंदणी संपलेली असली, तर तुमच्याच डीडब्ल्यूजी फायली तुम्हाला परक्या होतात. माझ्या एका सीनियरचं हे झालं आहे. साध्या द्विमितीय कामाला लिब्रेकॅड पुरतं. रस्त्याची आखणी, मातीकामाचं घनफळ असले विषय असतील तर मात्र सिव्हिल थ्रीडीसारखं खास साधन शिकावंच लागेल. तिथे हट्ट करू नका. काहीही वापरा, पण दर महिन्याला सगळं डीएक्सएफ आणि सीएसव्हीत काढून ठेवा. कच्चे बिंदू तर हात न लावता वेगळे.

सीएसव्हीवरून आठवलं. सर्व्हेयरच्या यादीत बहुधा आधी नॉर्दिंग आणि मग ईस्टिंग असतं. क्यूजीआयएस एक्स म्हणून ईस्टिंग मागतं. मी रकाने न बघता ओके दाबलं आणि करमाळ्याचं शेत श्रीलंकेच्याही पलीकडे समुद्रात गेलं. ती चूक निदान दिसली तरी. स्थानिक निर्देशांकांत दोन्ही आकडे हजारांतच असतात. तिथे शेत आरशातल्यासारखं उलटतं आणि क्षेत्रफळ तेवढंच राहतं, म्हणून तक्ता बघून काहीच कळत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी विहीर किंवा एखादं झाड असा एक ओळखीचा बिंदू मोजून ठेवायचा, आणि नकाशा उघडला की आधी ती विहीर बांधाच्या कोणत्या बाजूला आहे ते बघायचं.

काकांना मी नंतर दोन्ही आकडे एका कागदावर लिहून नेऊन दिले, खाली कारणासकट. त्यांनी तो सातबाऱ्याच्या पिशवीत घालून ठेवला.