गाजराची पुंगी नव्हे!

मित्रांनो, संक्रांतीच्या दिवसांत कधी सोलापूरला आला आहात? तेव्हा इथे श्री सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सोलापूरकर तिला ‘गड्डा’ म्हणतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात उंचच उंच नंदीध्वज पेलत निघतात. पण ते दिसायच्या आधीच कानांवर काय येतं, सांगा पाहू? हलगीचा कडकडाट आणि सनईचे सूर!

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी फुंकून वाजतं ते सुषिर वाद्य आणि चामडं मढवून केलेलं ते अवनद्ध. सनई पहिल्या वर्गातली, हलगी दुसऱ्या. मिरवणुकीत ही वाद्ये ऐकून आपण घरी जातो. पण ती शिकायला किती कष्ट पडतात, याचा विचार कधी केलाय?

हलगी दिसायला अगदी साधी. एक कडं, त्यावर ताणलेलं चामडं आणि वाजवायला दोन काड्या. वाजवण्याआधी ती जाळावर का शेकतात, ठाऊक आहे? हवेतल्या ओलाव्यानं चामडं सैल पडतं. ऊब मिळाली की ते सुकून ताणलं जातं आणि आवाज खणखणीत निघतो. म्हणजे हलगीवाल्याला विज्ञानही कळावं लागतं!

आता खास सोलापूरचं वाद्य. त्याचं नाव सुंदरी. ही सनईची धाकटी बहीण. अक्कलकोट संस्थानच्या राजांनी तिला हे नाव दिलं, असं सांगतात. सोलापूरच्या जाधव घराण्यानं ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. सिद्राम जाधव यांच्या सुंदरीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तर भीमण्णा जाधव यांनी तिला शास्त्रीय संगीताच्या मैफलींत नेलं.

सुंदरीचा आवाज सनईपेक्षा बारीक का? एक प्रयोग करा. सरबत प्यायची कागदी नळी घ्या. तिचं एक टोक दाबून चपटं करा आणि कात्रीनं दोन्ही बाजूंनी तिरपं कापा. ते टोक ओठांत धरून जोरात फुंका. दोन-चारदा फसेल, मग ‘पीं’ असा आवाज येईल! दुसऱ्या टोकानं नळी थोडी थोडी कापत जा. नळी आखूड होईल तसा सूर चढत जाईल. सुंदरीची नळी सनईहून आखूड, म्हणून तिचा सूर उंच. तुम्ही कापलेल्या टोकाचं काम सनईत आणि सुंदरीत बोरूसारख्या गवताच्या पत्त्या करतात. युरोपातलं ओबो हे वाद्यही असंच दुहेरी पत्तीचं, म्हणजे सनईचं लांबचं भावंडच!

हा ओबो अनेक देशांतल्या विद्यापीठांत शिकवला जातो. अमेरिकेत तर कित्येक विद्यापीठांचे स्वतःचे बँड आहेत. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम वाजवणारी मुलं खेळाच्या मैदानावर कवायत करत वाजवतात आणि त्याच वाद्यांत पदवीही घेतात.

आपल्याकडे? आपल्याकडेही वाटा आहेत बरं का! अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’पर्यंतच्या परीक्षा तबला-बासरीची मुलं शाळेत असतानाच देऊ लागतात. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र सुरू झालं. तिथं संगीतात पदवी घेता येते. सोलापूरला 2004 साली स्वतःचं विद्यापीठ मिळालं. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत तालवाद्य, सूरवाद्य आणि लोकवाद्यवृंद यांच्या स्पर्धा असतात. बँडचीच आवड असेल, तर पचमढीला लष्कराची संगीतशाळा आहे. तिथं सैन्याचे वादक तयार होतात.

पण एक गोष्ट मनाला लागते. जी विद्या एकाच घरात राहते, ती त्या घरातल्या मुलांनी दुसरी वाट धरली की थांबते. पुस्तकात बोटांच्या जागा दाखवता येतात. गालांत हवा साठवून, नाकानं श्वास घेत सूर अखंड कसा ठेवायचा, हे मात्र गुरूसमोर बसूनच कळतं. म्हणून सुंदरीला, हलगीला घराबाहेरचे शिष्य हवेत.

आई-बाबांनो, थोडं तुमच्याशी. मुलानं हलगी मागितली, तर “आपल्याला का वाजंत्री व्हायचंय?” असं पटकन म्हणू नका. देवळाच्या आणि लग्नघराच्या दारात वाजणारी सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांनी मैफलीत मानानं बसवली. 2001 साली त्यांना भारतरत्न मिळालं. वाद्य लहान नसतं. त्याला दिलेली जागा लहान असते.

आणि मित्रांनो, ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ असं इथं चालत नाही हं! चार दिवस फुंकून सोडून द्यायचं असेल, तर कागदाची नळीच बरी. पण शाळेच्या बँडमध्ये बिगुल किंवा ड्रम मिळाला असेल, तर तो रोज वाजवा. आणि पुढच्या गड्ड्याला नंदीध्वजांना हात जोडलेत, की हलगीवाल्या काकांजवळही जरा थांबा. “काका, हा ठेका कसा धरायचा?” एवढं विचारून तर बघा!