सुतारकाम शिकलेला शल्यवैद्य

माझी आई रात्री दोन-अडीचच्या सुमारास उठून बसे, उजवा हात थर्मामीटर झटकावा तसा मनगटापासून झटकत राही, आणि अंगठा व शेजारच्या दोन बोटांतल्या मुंग्या ओसरल्या की पुन्हा आडवी होई. घरातल्या सर्वांनी तो ‘वात’ ठरविला होता; तेल झाले, शेक झाला, तांब्याचे कडेही झाले. हाताच्या विकारांचा अभ्यास केलेल्या एका डॉक्टरांकडे पुष्कळ वर्षांनी तिला नेले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “रात्री उठून हात झटकता का हो?” आजाराची नेमकी हकीकत वैद्याच्या तोंडून ऐकताना तिच्या डोळ्यांत जे पाणी तरळले, त्यामुळे मी या अवयवाविषयी वाचू लागलो.

माणसाच्या एका हातात सत्तावीस हाडे असतात, पण बोटांत मात्र स्नायू नसतात. बोटे हलविणारे बलवान स्नायू कोपराखालच्या बाहूत राहतात आणि कंडरांच्या लांब दोऱ्यांनी बोटे दुरून ओढतात. नाजूक कामे करणारे चिमुकले स्नायू तेवढे तळहातात वस्तीला आहेत. मनगटाच्या आतल्या बाजूस हाडांचा आणि एका चिवट पट्ट्याचा मिळून एक बोगदा तयार झालेला असतो, व त्यातून अशा नऊ कंडरा आणि ‘मीडियन’ नावाचा मज्जातंतू एकमेकांना खेटून जातात. या अरुंद वाटेत किंचित सूज आली तरी कंडरा ती सोसतात. मज्जातंतू सोसत नाही. गर्भारपण, मधुमेह, थायरॉइडची मंदता, जुना सांधेवात अशा अनेक कारणांनी हा दाब वाढतो, आणि झोपेत मनगट दुमडले की मुंग्यांचा उपद्रव सुरू होतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधणे हा पहिला इलाज. त्याने भागले नाही आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा झिजू लागला, तर तो पट्टा कापून वाट मोकळी करावी लागते. या विकाराला ‘कार्पल टनेल’ म्हणतात, आणि त्याकडे दुर्लक्ष करीत वर्षे घालविणे हे माझ्या मते आपल्या घरांतील स्त्रियांवर होणाऱ्या मूक अन्यायांपैकी एक आहे.

त्याची भावंडेही घरोघर आढळतात. सकाळी मिटलेले बोट उघडता उघडता अडकते आणि खटका उडाल्यासारखे सुटते, त्याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातेच्या अंगठ्याखाली मनगटात कळ येते. त्या दुखण्याला, 1895 साली त्याचे वर्णन करणाऱ्या स्विस शल्यवैद्याचे, द केर्वां यांचे नाव पडले आहे. कळ येते म्हणून या सर्व रोग्यांची पावले दवाखान्याकडे वळतात. ज्या हातांना कळच येत नाही त्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र एका माणसाने आयुष्यभर उराशी बाळगला.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 17 जुलै 1914 रोजी तमिळ मुलखातील कोल्ली डोंगरात, एका इंग्रज मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. त्यांचे वडील डोंगरातील लोकांना सुतारकाम व वीटकाम शिकवीत. पॉल नऊ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले; 1929 मध्ये वडील डोंगरातच निवर्तले, आणि पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. पुढे या मुलाने वैद्यकाकडे पाठ फिरवून काही वर्षे इमारतीच्या धंद्यात उमेदवारी केली, रंधा आणि करवत हाती धरली, आणि त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात वैद्यक शिकून, महायुद्धाच्या धामधुमीत शस्त्रक्रियेचे कसब संपादन केले. लाकडाची रेषा कोणत्या दिशेने जाते हे बोटांनी ओळखण्याची सवय पुढे कंडरा जोडताना त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे, असे मला फार वाटते.

1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. त्यानंतर लवकरच, कुष्ठरोगाचे नामांकित तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांच्यासमवेत चेंगलपट्टूच्या कुष्ठालयात फिरत असताना, त्यांनी नखीसारखी वळलेली बोटे असलेल्या एका रोग्यास आपला हात दाबावयास सांगितले. निर्जीव मानलेल्या त्या पंजाची पकड इतकी जबर निघाली की ब्रँड कळवळले. आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले की, या हातातले सगळे स्नायू मेलेले नाहीत, बाहूतले बलवान स्नायू शाबूत आहेत. कॉक्रनना त्यांनी विचारले, इतक्या लक्षावधी वाकड्या हातांचा अभ्यास आजवर कोणी अस्थिशल्यवैद्याने का केला नाही? त्याला समाधानकारक उत्तर नव्हते.

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मृत रोग्याच्या देहातील मज्जातंतू टोकापर्यंत उकलून पाहिले. कोपरामागे व मनगटापाशी, म्हणजे जेथे मज्जातंतू कातडीलगत व म्हणून थंड असतात, तेथेच ते सुजून जाड झालेले होते. खोलवरच्या भागी ते निकोप होते. यावरून कोणते स्नायू लुळे पडणार आणि कोणते हुकमी राहणार याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला. मग एकच काम जेथे दोन स्नायू करीत असतील तेथे त्यांपैकी एकाची बदली करण्याची तजवीज झाली: निरोगी स्नायूची कंडरा जुन्या जागेवरून सोडवून, कातडीखालून नव्या वाटेने नेऊन बोटाला जोडावयाची, आणि मग आठवडेच्या आठवडे रोग्याच्या मेंदूला त्या स्नायूचे नवे काम शिकवावयाचे. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच कष्टाचा असे.

हात सरळ झाले, आणि एक अनपेक्षित तक्रार पुढे आली. काही रोगी परत येऊन म्हणू लागले की, हे हात भिकेला वाईट आहेत. बोटे वाकडी होती तेव्हा लोक नाणे टाकीत, आता टाकीत नाहीत आणि कामही देत नाहीत. मला या सबंध चरित्रात या तक्रारीइतके हृदयास भिडणारे दुसरे काही वाटत नाही. तिला जबाब म्हणून पुढे कॉलेजच्या आवारात मातीच्या झोपड्यांचे ‘नवजीवन’ केंद्र उभे राहिले, आणि तेथे ब्रँड यांनी आपल्या जुन्या धंद्यातील हत्यारे बाहेर काढून रोग्यांना सुतारकाम शिकविले.

तेथेच बोटे झडण्याचे कोडेही सुटत गेले. एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. दहा-बारा वर्षांच्या एका रोगी मुलाने पुढे होऊन किल्ली फिरविली, ते उघडले, आणि जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने बोट हाडापर्यंत चिरले होते, आणि मुलाला त्याची वार्ताही नव्हती. कित्येकांची बोटे रात्रीतून कुरतडलेली आढळत. पाळत ठेवली तेव्हा उंदीर सापडले, आणि घरी जाणाऱ्या रोग्याला सोबत एक मांजर देण्याचा शिरस्ता पडला. रोगाने बोटे झडतात हा समज त्यामुळे ढासळला. रोग केवळ संवेदना हिरावून घेतो. पुढचा नाश भाजणे, कापणे, घासणे आणि जंतुसंसर्ग यांनी होतो, आणि जखमेला प्लास्टरमध्ये विश्रांती दिली तर कुष्ठरोग्याचे मांसही इतरांच्या मांसासारखेच भरून येते.

महाराष्ट्राला ही हकीकत परकी नाही. दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी त्यानंतर थोड्याच काळात या रोग्यांना आश्रय व काम दिले, तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी त्यांच्या विद्रूप झालेल्या अवयवांवर शस्त्रक्रिया केल्या. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे नाव मात्र मला येथे विशेष आदराने घ्यावेसे वाटते: 1954 च्या मोटार अपघाताने कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर, हातावरची शस्त्रक्रिया बसूनही करता येते हे जाणून, त्या चाकाच्या खुर्चीतून कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त करीत राहिल्या.

1966 साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथील कुष्ठालयात गेले, आणि जे वेल्लोरच्या रोग्यांकडून शिकले तेच तेथे मधुमेहाने बधीर झालेल्या पावलांना लागू पडते असे त्यांना आढळून आले. 2003 मध्ये ते वारले. नवजीवन केंद्रात हत्यारे ठेवून दिल्यावर रोगी संध्याकाळी आपापले हातपाय उजेडात धरून, कोठे फोड किंवा चीर आहे काय, हे डोळ्यांनी तपासत. माझे वडील वीस वर्षांचे मधुमेही आहेत. दिवेलागणीला देवापुढे समई लावून झाली की ते ओसरीवर बसतात, आईचा जुना हात-आरसा तळव्याखाली धरतात, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहतात. आई शेजारी बसून आता न झटकता त्याच हाताने शेंगा सोलीत असते.