वायुवीजनाच्या पंख्याची विद्युत्-मांडणी : संरक्षण कोणाचे आणि कशापासून?

कारखान्यातील वायुवीजनाचा पंखा हे दिसण्यात अगदी साधे यंत्र आहे. एक मोटर, तिच्या दंडावर बसविलेला किंवा पट्ट्याने जोडलेला इंपेलर, आणि हवा वाहून नेणारे डक्ट. या साधेपणामुळेच की काय, त्याची विद्युत्-मांडणी पुष्कळदा लेथच्या किंवा पंपाच्या नमुन्यावर उरकली जाते. पंख्याचा स्वभाव मात्र निराळा आहे. तो पूर्ण गतीस येण्यास वेळ घेतो. प्रवाह तोडल्यावरही बराच काळ फिरत राहतो. आणि काही ठिकाणी त्याचे थांबणे हाच अपघात असतो. मांडणीतील प्रत्येक उपकरण यांपैकी कोणत्या धोक्यासाठी आहे, हे स्पष्ट नसले की एकाचे काम दुसऱ्यावर सोपविले जाते आणि कोणाचेच संरक्षण होत नाही.

प्रथम आरंभाचा प्रश्न घेऊ. ४१५ व्होल्टवर चालणारी ७.५ किलोवॉटची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेते. ती सरळ पुरवठ्यावर जोडून चालू केली, तर आरंभी याच्या सहा ते सात पट, म्हणजे ८५ ते १०० अँपिअर प्रवाह वाहतो. लेथवर ही अवस्था एकदोन सेकंदांत सरते. जड इंपेलरच्या पंख्यावर ती दहा-पंधरा सेकंद टिकू शकते. तेवढ्या वेळात फ्यूज वितळू नये म्हणून ती मोठी, समजा ५० अँपिअरची, घ्यावी लागते. अशी फ्यूज शॉर्टसर्किटपासून तारांचे रक्षण करील. अतिभारापासून मोटरचे रक्षण तिच्याकडून होणे शक्य नाही. ते काम अतिभार रिलेचे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १० वर्गाचा रिले थंड अवस्थेतून ७.२ पट प्रवाहाला ४ ते १० सेकंदांत तोडतो, २० वर्गाचा ६ ते २० आणि ३० वर्गाचा ९ ते ३० सेकंदांत. जड पंख्यास १० वर्गाचा रिले लावला की तो दर वेळी आरंभीच तोडतो. मग मिस्त्री वैतागून रिलेचा काटा वर सरकवितो, आणि त्या क्षणापासून मोटर उघडी पडते. येथे मिस्त्रीला दोष देणे सोपे आहे. खरी चूक रिले निवडणाऱ्याची असते.

भार हलका ठेवण्याचे उपायही पंख्याच्या जातीवर अवलंबून आहेत. केंद्रोत्सारी पंखा डँपर बंद ठेवून चालू करावा, कारण हवा वाहत नसता तो कमी शक्ती घेतो. अक्षीय पंख्याचे याच्या उलट; त्याचा मार्ग उघडाच हवा. भट्टीतील २०० अंश सेल्सिअसच्या वायूसाठी निवडलेला पंखा थंड हवेवर चालू केला, तर हवेच्या अधिक घनतेमुळे शक्तीची गरज सुमारे दीडपट होते. पुलीचेही असेच. गती दहा टक्क्यांनी वाढविली तर लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी, वाढते. पुली बदलणे हा केवळ यांत्रिकी निर्णय समजला जातो आणि विद्युत् विभागास त्याची वार्ता मोटर जळाल्यावर लागते.

एका फेजचा पुरवठा तुटण्याची घटना याहून फसवी आहे. चालू असलेली मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन तारांतून सुमारे १.७३ पट प्रवाह घेऊन ती पंखा फिरवीत राहते. आपल्या उदाहरणात हा प्रवाह २४ अँपिअर होतो. ५० अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि छतावरच्या पंख्याचा बदललेला आवाज खाली कोणास ऐकू येत नाही. गुंडाळ्या मात्र तापत जातात. तेव्हा फेज तुटल्याचे ओळखणारा रिले येथे अत्यावश्यक मानला पाहिजे.

जोडणीनंतर फिरण्याची दिशा पाहावी, हे सर्वांस ठाऊक असते. पण ती हवेवरून पाहू नये. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की अक्षीय पंखा हवा उलट फेकतो व चूक लगेच कळते. केंद्रोत्सारी पंखा उलट फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त पुष्कळच कमी. असा पंखा महिनोन् महिने उलट फिरत राहू शकतो. म्हणून दिशा आवरणावरील बाणाशी ताडून पाहावी.

आतापर्यंतचे विवेचन तारा व मोटर यांचे झाले. माणसाचे रक्षण ही तिसरी गोष्ट. मोटरच्या चौकटीस भूमीशी दोन स्वतंत्र जोड असावेत, ही अट भारतात १९५६ च्या वीज नियमांनी घातली होती. पंखा व डक्ट यांच्यामध्ये कंप रोखण्यासाठी कापडी सांधा असतो. तेथे धातूची सलगता तुटते, म्हणून त्यावरून तांब्याची वेणी जोडावी. कंपाने सैल होणाऱ्या लवचीक नळीवर अर्थिंगची भिस्त ठेवू नये. तसेच स्टार्टरचे थांबविण्याचे बटण म्हणजे आयसोलेटर नव्हे. इंपेलर साफ करणारा कामगार छतावर आणि स्टार्टर तळमजल्यावर असेल, तर पंख्याजवळच कुलूप लावता येईल असा आयसोलेटर हवा व त्याची किल्ली त्या कामगाराच्याच खिशात हवी. त्यानेही सर्व साधत नाही. डक्टमधून येणारा वारा वीज तोडलेला इंपेलर फिरवू शकतो. हात घालण्यापूर्वी तो यांत्रिक रीतीने अडकवावाच लागतो.

याच कामगारामुळे पुनरारंभाचा प्रश्न बिकट होतो. पुरवठा खंडित होऊन परत आला असता पंखा आपोआप सुरू होऊ नये, हे त्याच्या हिताचे. कॉन्टॅक्टर व दाबबटणांची नेहमीची जोडणी हे साधते. वारंवारता बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये मात्र ते आतील मांडणीवर अवलंबून असते, म्हणून ती मुद्दाम तपासावी. पण रंगफवारणीच्या खोलीत पंखा बंदच राहिला, तर द्रावकाची वाफ साचत जाते. पंखा आपोआप चालू करणे हा यावरील उपाय नाही. पंखा थांबताच फवारणीची दाबयुक्त हवा तुटावी, आणि खोलीतील हवा काही काळ बाहेर काढल्यावरच ती पुन्हा मिळावी, अशी परस्परबद्ध जोडणी करावी. वाफेच्या मार्गात मोटर ठेवू नये. ठेवावी लागल्यास ती ज्वालारोधक असावी. अशा मोटरचे आवरण वायूला आत येऊ देत नाही, असा एक समज आढळतो. वायू आत शिरतोच. आतील स्फोट सहन करणे व सांध्यातून निघणारी ज्वाला बाहेर येईपर्यंत निववणे, हे त्या आवरणाचे कार्य. सांध्याच्या पृष्ठभागावर ओरखडे पडले वा बोल्ट अपुरे बसविले, तर ते आवरण केवळ जड पेटी उरते.

परस्परबद्ध जोडणीसाठी संकेत कॉन्टॅक्टरवरून घेण्याची प्रथा सोयीची असली तरी असमाधानकारक आहे. पट्टा तुटला तर कॉन्टॅक्टर बंद असतो, मोटर चालू असते, दिवाही लागलेला असतो. हवा तेवढी वाहत नसते. संकेत डक्टमधील हवेच्या प्रवाहावरून घ्यावा. त्याची परीक्षा सोपी आहे : खोलीत द्रावक नसताना, आयसोलेटरला कुलूप लावून पट्टा काढावा, रक्षक जाळी परत बसवावी आणि मोटर चालू करावी. फवारणीच्या नळीत हवा आली, तर जोडणी चुकली आहे.